साडेसात हजारांची पायरी : गोव्यातल्या एका हॉटेलचं करप्रकरण

२०१८ च्या नाताळानंतरची सकाळ. बारदेशातल्या एका हॉटेलच्या रिसेप्शनमागे मी रजिस्टर उघडून बसले होते. हॉटेलांचे हिशेब आणि जीएसटीची रिटर्न बघणं हा माझा धंदा, आणि हे माझं गोव्यातलं एकुलतं एक गिऱ्हाईक. हॉटेल चाळीसेक खोल्यांचं, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. समोर पुण्याचे दोन भाऊ आपापलं कुटुंब आणि बॅगा घेऊन चेकआउटला उभे होते. थोरल्याची खोली मागच्या माडांच्या बाजूची, रात्रीला ७,४०० रुपये. धाकट्याची तिसऱ्या मजल्यावरची, खिडकीतून समुद्राचा हातभर तुकडा दिसणारी, ७,६०० रुपये.

दोन्ही बिलं प्रिंटरमधून बाहेर आली. थोरल्याला रात्रीचे ८,७३२ पडले होते, धाकट्याला ९,७२८. धाकट्यानं दोन्ही कागद शेजारीशेजारी धरले आणि मला विचारलं, "मॅडम, खिडकीचे दोनशे समजले. वरचे आठशे कशाचे?"

उत्तर सोपं होतं आणि देताना लाज वाटणारं होतं. ७,५०० च्या खालच्या खोलीला १८ टक्के कर, ७,५०० आणि त्यावरच्या खोलीला २८ टक्के. आणि तो वरच्या शंभर रुपयांवर नाही, संपूर्ण भाड्यावर. प्राप्तिकरात वरचा टप्पा गाठला तर वाढीव दर फक्त वरच्या रकमेला लागतो. इथे तसं नव्हतं. धाकटा भाऊ पैसे देऊन गेला. दुपारी मालकाने ७,६०० हा दर ठेवणाऱ्या मॅनेजरला माझ्यासमोरच झापलं, आणि ते योग्यच होतं. त्या काळात ७,६०० हा दर म्हणजे ना गिऱ्हाइकाचा फायदा ना मालकाचा.

हे प्रकरण मी लिहून काढतेय ते त्या आठशे रुपयांसाठी. हॉटेलांवरच्या कराची चर्चा झाली की सगळे दराबद्दल बोलतात. २८ फार, १८ ठीक, १२ उत्तम वगैरे. माझा सात-आठ वर्षांचा अनुभव असा की धंद्याला दरापेक्षा जास्त वाकवलं ते या पायरीने.

पायरी बांधली कशी

जीएसटीच्या आधी खोलीच्या भाड्यावर दोन कर लागायचे. केंद्राचा सेवाकर भाड्याच्या ६० टक्के रकमेवर १५ टक्के, म्हणजे प्रत्यक्षात ९ टक्के. शिवाय राज्याचा ऐषाराम कर, ज्याला सगळे लक्झरी टॅक्सच म्हणायचे. महाराष्ट्रात वरच्या खोल्यांना तो १० टक्के होता. म्हणजे महाबळेश्वरातल्या चांगल्या हॉटेलात पाहुणा एकूण १९ टक्के देत होता आणि फारशी कुरकुर करत नव्हता.

मे २०१७ मध्ये श्रीनगरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने हॉटेलांचे दर ठरवले तेव्हा २८ टक्क्यांची रेषा ५,००० रुपयांवर होती. आरडाओरडा झाला. १८ जूनला, अंमल सुरू व्हायला दोन आठवडे उरले असताना, ती ७,५०० वर नेली. १ जुलै २०१७ पासून चित्र असं होतं : १,००० च्या खाली शून्य, तिथून २,५०० च्या आत १२, तिथून ७,५०० च्या आत १८ आणि ७,५०० पासून वर २८ टक्के. २८ टक्क्यांत तेव्हा पानमसाला, तंबाखू, कॅसिनो ही मंडळी होती. आमचे मालक म्हणायचे, "बाई, आम्हाला गुटख्याच्या पंगतीला बसवलं."

७,४९९ च्या खोलीचं करासह बिल ८,८४९ रुपये. ७,५०० च्या खोलीचं ९,६००. मालकाच्या गल्ल्यात एक रुपया जास्त, गिऱ्हाइकाच्या खिशातून ७५१ जास्त. म्हणजे ८,८४९ ते ९,६०० या दरम्यानचं बिल कोणालाही देताच येत नव्हतं. एखाद्या कुटुंबाची तयारी नऊ हजारांची असली तरी नऊ हजारांची खोली अस्तित्वातच नव्हती. मधली फळीच काढून टाकलेली. जरा बरी खोली, जरा मोठी बाल्कनी, जरा जुना पण मोठा व्हिला अशा खोल्या बाजारात या मधल्या पट्ट्यातच असतात. त्या सगळ्या ७,४९९ ला येऊन चिकटल्या.

पहिलं वर्ष : टॅरिफ कार्डाचा घोळ

पहिल्या वर्षी तर खरा भावही बघायचा नव्हता. कोणता स्लॅब लागणार हे ठरायचं 'जाहीर दरा'वरून, म्हणजे टॅरिफ कार्डावर छापलेल्या आकड्यावरून. कर मात्र प्रत्यक्ष घेतलेल्या पैशांवर. गोव्यात हे किती विचित्र होतं ते पावसाळ्यात कळायचं. कार्डावर ८,००० लिहिलेली खोली जुलैत ४,००० ला जाते, कारण किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे खाण्यापिण्याच्या झोपड्या, उठलेले असतात, समुद्र खवळलेला असतो आणि पोहायला बंदी असते. या ४,००० वर कर २८ टक्क्यांनी, म्हणजे १,१२०. शेजारच्या हॉटेलात कार्डावर ७,००० असतील तर त्याच ४,००० वर ७२०. खोली तीच, पाऊस तोच.

साहजिकच कार्डं पुन्हा छापली गेली. एरवी कार्डावरचा दर फुगवून लिहायचा आणि 'तुमच्यासाठी पन्नास टक्के सूट' म्हणायचं ही या धंद्याची जुनी रीत. ती एका रात्रीत उलटी झाली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने खुलासा काढला : वेगवेगळ्या हंगामांचे वेगवेगळे दर जाहीर केले असतील तर ज्या हंगामात पाहुणा राहिला त्या हंगामाचा दर धरावा. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे दर छापले असतील तर त्यातला सर्वात मोठा. मग आम्ही पावसाळ्याचं कार्ड वेगळं केलं. एका बुकिंग संकेतस्थळावर जुना दर तसाच राहिला होता, तो शोधून काढायला मॅनेजरला दोन दिवस लागले. २७ जुलै २०१८ पासून खोलीपुरता जाहीर दराचा निकष गेला आणि प्रत्यक्ष भाडं आलं.

स्वयंपाकघराची गोष्ट मात्र वेगळी राहिली, आणि ती बरेच जण विसरतात. नोव्हेंबर २०१७ पासून साध्या रेस्टॉरंटांना ५ टक्के कर झाला, पण इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्यातून वजा करायची सोय, बंद. ज्या हॉटेलात एक जरी खोली ७,५०० किंवा अधिक जाहीर दराची असेल, तिथल्या रेस्टॉरंटला मात्र १८ टक्के, क्रेडिटसह. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक सुईट होता, कार्डावर ९,००० चा. वर्षातून वीस-पंचवीस रात्री जायचा. त्याच्यापायी खालच्या रेस्टॉरंटात बाहेरून जेवायला येणाऱ्यालाही १८ टक्के. चारशेची फिश थाळी आमच्याकडे ४७२, रस्त्यापलीकडे ४२०. मालकाने सुईट मोडला. मधे भिंत घातली, दोन खोल्या केल्या. करापायी घातलेली ती भिंत अजून आहे, आणि तिच्यामुळे एका खोलीत दुपारी दिवा लावावा लागतो.

बोजा कोणी उचलला

कर गिऱ्हाईक भरतं असं पुस्तकात असतं. आमच्या हॉटेलात गिऱ्हाईक तीन प्रकारचं होतं आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी.

पहिलं, मुंबई-पुणे-बेळगाव-कोल्हापूरकडचं कुटुंब. हे फोनवर दर बघतं. तिथे आधी मोठ्या अक्षरांत भाडं येतं आणि पैसे भरायच्या पानावर 'कर व शुल्क' म्हणून पुढची रक्कम. त्या पानावर माघारी फिरणारे किती हे आम्हाला कधीच कळलं नाही. पण फोन करून "करासकट सात हजारात बसवा" म्हणणारे पुष्कळ होते. करासकट सात हजारात बसवायचं म्हणजे १८ टक्क्यांत भाडं ५,९३२ वर आणायचं. ऑफसीझनला मालक आणायचे.

दुसरं, चार्टरचं, म्हणजे टूर कंपनीने अख्ख्या भाड्याने घेतलेल्या विमानाने येणारं. रशियन आणि ब्रिटिश पर्यटकांची विमानं ऑक्टोबर ते मे या काळात यायची आणि त्यांच्या खोल्यांचे करार परदेशी टूर कंपन्यांशी कितीतरी महिने आधी झालेले असायचे. २०१७-१८ च्या हिवाळ्याचे करार झाले तेव्हा नवा दर कोणाच्या डोक्यात नव्हता. मँचेस्टरमधल्या आजीबाईंनी पॅकेजचे पैसे आधीच भरलेले. त्यांच्याकडून वाढीव कर कोण मागणार? तो हॉटेलच्या नफ्यातून गेला. कराराचा दर टॅरिफ कार्डाच्या निम्म्याहून कमी, पण पहिल्या वर्षी स्लॅब लागला कार्डाचा. हा घाव बोलायला सोपा नव्हता, कारण मालकांनी स्वतःच फुगवलेलं कार्ड होतं ते.

तिसरं गिऱ्हाईक कंपन्यांचं. वितरकांचं संमेलन, विक्री विभागाची वार्षिक बैठक, त्यामागून बीचवर डीजे. इथे जीएसटीची एक खोच लोकांच्या लक्षात येत नाही. कंपनीला भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, मग २८ काय नि १८ काय, असं वरवर वाटतं. पण हॉटेलच्या खोलीवरचा कर ज्या राज्यात खोली आहे त्या राज्याचा, म्हणजे केंद्राचा अर्धा आणि गोव्याचा अर्धा. पुण्यातल्या कंपनीची गोव्यात नोंदणी नसेल तर तिला त्यातला रुपयाही परत मिळत नाही. शंभर खोल्या, दोन रात्री, ८,००० चा दर : भाडं सोळा लाख आणि कर चार लाख अठ्ठेचाळीस हजार, सगळाच्या सगळा खर्चात. थायलंडचा मूल्यवर्धित कर ७ टक्के. त्यात २०१८ च्या अखेरीस थायलंडने भारतीयांसाठी आगमन व्हिसाचं शुल्कही माफ केलं. एका पुणेरी कंपनीच्या प्रशासन विभागातल्या बाईंनी मला सरळ सांगितलं, "बँकॉक स्वस्त पडतं, आणि लोकांना परदेशी गेल्यासारखं वाटतं ते वेगळंच." यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

गोव्यात तेव्हा हा विषय एवढा टोकदार का झाला याला आणखी एक कारण होतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून राज्यातल्या खाणी थांबल्या. उरलं पर्यटन. तेही चिमटीत सापडलं म्हटल्यावर हॉटेलवाल्यांचा आवाज पणजीहून दिल्लीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

पणजी, २० सप्टेंबर २०१९

जीएसटी परिषदेची सदतिसावी बैठक योगायोगाने गोव्यातच भरली. त्या सकाळी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीतूनच कंपनी कर २२ टक्क्यांवर आणण्याची घोषणा केली आणि शेअर बाजार उसळला, त्यामुळे संध्याकाळच्या हॉटेलांच्या निर्णयाला वर्तमानपत्रांत मिळावी तेवढी जागा मिळाली नाही. निर्णय असा : १,००० पर्यंत शून्य, तिथून ७,५०० पर्यंत १२ टक्के, ७,५०० च्या वर १८. अंमल १ ऑक्टोबरपासून. नेमक्या त्याच दिवशी जपानने आपला उपभोग कर ८ वरून १० टक्क्यांवर नेला. तिकडे चढला, इकडे उतरला.

मालकांनी पेढे वाटले. ते संपायच्या आत, २३ सप्टेंबरला, ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली. मँचेस्टर आणि गॅटविकहून गोव्याला येणारी तिची विमानं बंद. (भारतातली त्याच नावाची कंपनी मालकीने केव्हाच वेगळी झालेली होती, पण त्या आठवड्यात ते समजावता समजावता सगळ्यांची दमछाक झाली.) ज्या हिवाळ्यात करकपातीचं फळ दिसायचं, त्याच हिवाळ्यात चार्टरचा एक मोठा खांब गेला. मार्च २०२० मध्ये तर सगळंच बंद झालं.

म्हणून या कपातीने गोव्याचा धंदा अमुक टक्क्यांनी वाढला असं कोणी छातीठोकपणे सांगू लागलं की मी विषय बदलते. वाढीने तो किती घटला हेही तसं सिद्ध होत नाही. सरकारी मोजणीत २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी गोव्यात आलेल्या पर्यटकांची संख्या ८० लाखांच्या आसपासच होती. लोक येतच होते. पण मोजणी डोक्यांची होते. ती डोकी कोणत्या उशीवर टेकली हे त्यात येत नाही. कळंगुट-कांदोळीच्या पट्ट्यात बाहेरच्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट आणि व्हिले भाड्याने जातात. मालकाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असेल आणि बुकिंग संकेतस्थळामार्फत न जाता तो थेट भाड्याने देत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि मर्यादेवर असूनही न भरणारे असतातच. आठ जणांच्या कुटुंबाला २८ टक्क्यांच्या दोन खोल्यांपेक्षा बिनकराचा तीन बेडरूमचा व्हिला परवडतो, यासाठी अर्थशास्त्र लागत नाही. माझं मत असं की जास्तीच्या कराने गोव्याचा पर्यटक पळवला नाही, त्याला नोंदणीकृत खोलीतून उठवून बिननोंदणीच्या खोलीत नेऊन बसवला.

कपात झाल्यावर फायदा कोणाला झाला, हे मात्र माझ्या रजिस्टरात दिसलं. ७,४९९ ची खोली ८,८४९ ला पडायची ती ८,३९९ ला पडू लागली. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या मधल्या वारांना हे साडेचारशे रुपये गिऱ्हाइकाला खरोखरच मिळाले, कारण खोल्या रिकाम्या होत्या आणि शेजारी दर पाडत होता. नाताळच्या आठवड्यात मिळाले नाहीत. तेव्हा खोल्या मोजक्या आणि मागणारे ढीगभर. पाहुणा एकूण किती देणार हे ठरलेलं. त्यातला सरकारचा वाटा कमी झाला तेवढा मालकाचा वाढला. करकपात गिऱ्हाइकापर्यंत पोचवायला लावणाऱ्या नफेखोरीविरोधी कलमाखाली हे चालत नाही हे मी सांगितलं. मालक म्हणाले, नाताळचा दर दरवर्षी वेगळाच असतो, मागच्या वर्षीशी तुलना कशी करणार? मुद्दा खोडून काढणं अवघड होतं.

उलटी बाजूही तीच. २०१७ मध्ये कर वाढला तेव्हा नाताळच्या आठवड्यात तो मालकाच्या खिशातून गेला. पावसाळ्यात भाडं आधीच खर्चाला टेकलेलं असल्याने तो गिऱ्हाइकावर पडला, किंवा गिऱ्हाईक आलंच नाही.

पुन्हा तीच पायरी, अधिक उंच

मधल्या काळात, १८ जुलै २०२२ पासून, १,००० च्या आतल्या खोल्याही १२ टक्क्यांत आल्या. लॉजवाल्यांचं ते दुखणं मोठं आहे, पण ते या हॉटेलचं नाही.

आमच्याकडे घोटाळा झाला १ एप्रिल २०२५ ला. हल्ली दर रोज, कधी तासातासाला बदलतो, त्यामुळे 'जाहीर दर' ही कल्पनाच निरर्थक झाली होती. रेस्टॉरंटांसाठीही ती काढून टाकली. नवा नियम : मागच्या आर्थिक वर्षात एक जरी खोली एका रात्रीला ७,५०० च्या वर विकली असेल तर पुढचं पूर्ण वर्ष रेस्टॉरंट १८ टक्क्यांत. अधिसूचना निघाली जानेवारी २०२५ च्या मध्यावर. आमच्या कार्डावर सगळे दर ७,००० च्या आत होते, पण ३१ डिसेंबर २०२४ च्या रात्री सहा खोल्या ९,००० ला गेल्या होत्या. नियम कागदावर येण्याच्या पंधरा दिवस आधी. त्या सहा खोल्यांच्या एका रात्रीने पुढच्या वर्षभराच्या थाळीवर १८ टक्के आणले. भिंत घालून वाचवलेलं स्वयंपाकघर पुन्हा अडकलं. १८ टक्क्यांत क्रेडिट मिळतं हे खरं, पण मासळी आणि भाजीवर मुळात कर नाही, मग क्रेडिट येणार कशाचं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० पर्यंतच्या खोलीवर कर ५ टक्के झाला, क्रेडिटशिवाय. वर १८ कायम. पाहुण्यांसाठी आनंदाची बातमी, शंकाच नाही. पण पायरीकडे बघा. ७,५०० ची खोली आता ७,८७५ ला पडते, ७,५०१ ची ८,८५१ ला. एका रुपयामागे ९७६ रुपये. २०१७ मध्ये हाच फरक ७५१ होता, २०१९ मध्ये ४५१. दर खाली आले आणि पायरी उंच झाली. शिवाय पायरीच्या खाली राहणाऱ्याला लाँड्रीवरचा, लिफ्टच्या देखभालीवरचा, बुकिंग कंपनीच्या कमिशनवरचा १८ टक्के कर आता स्वतःच सोसायचा आहे. नवीन एसी घेतला तर त्यावरचाही.

गेल्या नोव्हेंबरात मालकांचा फोन आला. ३१ डिसेंबरच्या रात्रीचे बारा हजार द्यायला लोक तयार आहेत, घेऊ की नको? मी हिशेब मांडला. सहा खोल्यांचे जास्तीचे सत्तावीस हजार एका बाजूला आणि एप्रिलपासून बारा महिने थाळीवर तेरा टक्के जास्त दुसऱ्या बाजूला. मग त्यांनी दुसरी युक्ती काढली : खोली ७,५०० लाच द्यायची आणि त्या रात्रीचं 'गाला डिनर' साडेचार हजारांचं, सक्तीचं. मी म्हटलं, सक्तीचं असेल तर ते जेवण खोलीच्याच भाड्यात धरलं जाण्याचा धोका आहे, तपासणीला आलेला अधिकारी तेवढा भोळा नसतो. ऐच्छिक ठेवा.

"ऐच्छिक ठेवलं तर पुणेकर घेणार नाहीत, बाई," ते म्हणाले.

शेवटी दर ७,५०० ठेवला. मॅनेजरने आधी सवयीने ७,४९९ टाकला होता. २०१९ च्या आधी ७,५०० हा आकडा वरच्या पायरीवर मोजला जायचा, आता खालच्या पायरीवर येतो, हे त्याला मी फोनवर पुन्हा एकदा सांगितलं आणि तो एक रुपया वाढवून घेतला.